वाढत्या कुटुंबासाठी हॉट टब: पाच जणांचा की सात जणांचा?

अबोली

नमस्कार मंडळी,

घरामागच्या मोकळ्या जागेत हॉट टब बसवायचा हे आमचं नक्की झालंय. किती मोठा घ्यायचा, यावर मात्र दोन महिने घोळ चालू आहे.

घरातली माणसं अशी: मी, नवरा, ७ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि चार महिन्यांनी येणारं तिसरं बाळ. सासूबाई वर्षातले सहा-सात महिने आमच्याकडे असतात. त्यांचे गुडघे दुखतात आणि गरम पाण्यात पाय सोडून बसलं की त्यांना बरं वाटतं. हा विषय मुळात त्यांच्यामुळेच निघाला. नवरा सहा फूट उंच, मी पाच फूट एक इंच.

दोन टब नजरेत आहेत.

पहिला २ मीटर बाय २ मीटर, "५ जणांचा", त्यात एक लाउंजर म्हणजे पाय पसरून पडायची जागा, पाणी साधारण ११०० लिटर.

दुसरा २.३ बाय २.३, "७ जणांचा", लाउंजर नाही, सगळ्या बसायच्या जागा, पाणी १६०० लिटर.

नवऱ्याचं म्हणणं, रोज बसणार आपण दोघं-तिघं, मग सात जणांचं पाणी कशाला तापवायचं? माझ्या डोळ्यांसमोर पाच-सहा वर्षांनंतरचं घर येतं. मुलगी तेव्हा माझ्या खांद्याला लागलेली असेल. विकणारे सगळीकडे "मोठाच घ्या" सांगतात, त्यामुळे त्यांच्या शब्दावर जायची इच्छा नाही. ज्यांच्या घरात टब आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निळीशाई

अबोली, आधी अभिनंदन!

माहितीपत्रकातला "५ जणांचा" हा आकडा फार जपून वाच. मध्यम बांध्याची माणसं खांद्याला खांदा लावून बसली तर किती मावतील, एवढंच तो सांगतो. आरामात बसायचं तर त्यातून एक, आणि घरात उंच माणूस असेल तर दोन वजा करायचे. लाउंजर असेल तर आणखी एक गेला, कारण पडणारा माणूस दोघांची जागा घेतो. म्हणजे तुझा पहिला टब मोठ्या दोन माणसांचा आहे. त्यात एखादं मूल मावेल.

आमचा "६ जणांचा" आहे. आम्ही चौघं. मुलं लहान होती तोवर ऐसपैस वाटायचा. थोरला चौदाचा झाला आणि एका वर्षात टब आटल्यासारखा झाला.

मोरपीस

लाउंजरबद्दल सांगते, कारण आम्ही तिथेच चुकलो.

माझी उंची तुमच्याएवढीच आहे. लाउंजरवर पडलं की माझी पावलं तळाशी पाय टेकायच्या जागेपर्यंत पोचत नाहीत. आधार नाही, त्यात जेट, म्हणजे पाण्याचे जोरदार झोत, सुरू झाले की शरीर वर तरंगायला लागतं आणि माणूस हळूहळू घसरून मधे येतो. दोन्ही हातांनी कड धरून पडून राहावं लागतं. नवऱ्याला मात्र ती जागा मापात बसते, म्हणून ती कायमची त्याची झाली आहे. मुलं तिथे बसूच शकत नाहीत, आणि खेळताना पाय घसरला की सरळ पाण्याखाली जातात.

घरात वेगवेगळ्या उंचीची माणसं असतील तर सगळ्या बसायच्या जागाच घ्या, फक्त त्यांची खोली कमीजास्त असू द्या. एक कोपरा खोल, एक उथळ.

गणिती

आकडे मांडतो. पाणी तापवायचं गणित सोपं आहे: १ युनिट विजेत ८६० लिटर पाणी १ अंशाने तापतं.

२० अंशाचं पाणी ३८ वर न्यायचं तर १८ अंशांचा फरक. ११०० लिटरला सुमारे २३ युनिट आणि १६०० लिटरला साडेतेहतीस. हीटर ३ किलोवॅटचा असेल तर पहिल्याला पावणेआठ तास, दुसऱ्याला अकरा तास. हा खर्च पाणी नव्याने भरलं की तेवढा एकदा. रोजचा खर्च वेगळा. रात्रंदिवस जी उष्णता बाहेर जाते तेवढीच भरून काढायची असते, आणि ती पाणी किती लिटर आहे यापेक्षा पृष्ठभाग किती आहे यावर ठरते.

टबची कड आणि भिंत मिळून प्रत्येक बाजूला १५-२० सेंमी जातात. म्हणजे पहिल्याचा पाण्याचा पृष्ठभाग साधारण १.६५ बाय १.६५, म्हणजे २.७ चौरस मीटर, आणि दुसऱ्याचा १.९५ बाय १.९५, म्हणजे ३.८. वरून जाणारी उष्णता ४० टक्क्यांनी वाढली. बाजूच्या भिंतींतून जाणारी जेमतेम १५ टक्क्यांनी, कारण उंची दोन्हींची सारखीच, ९० सेंमीच्या आसपास. झाकण चांगलं असेल तर मोठ्या टबचा रोजचा खर्च साधारण पाव ते एक तृतीयांशाने जास्त धरा. "पाणी दीडपट म्हणजे वीज दीडपट" हा हिशेब चुकीचा आहे.

झाकण खराब असेल तर मात्र हे सगळं सोडून द्या. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन तृतीयांश युनिटभर उष्णता लागते. उघड्या टबावरून वाऱ्याच्या रात्री कितीतरी लिटर उडतं. घट्ट झाकणाचा मोठा टब फटी असलेल्या झाकणाच्या लहान टबापेक्षा स्वस्तात चालतो.

अबोली

गणिती, खूप आभार. नवऱ्याला दाखवलं, तो दोनदा वाचून गप्प बसलाय.

मोरपीस, लाउंजरचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

रानवाट

मी दुसरी बाजू मांडतो. आम्ही आठ वर्षांपूर्वी सात जणांचा घेतला. तेव्हा मुलं दहा आणि तेरा वर्षांची होती. पहिली तीन-चार वर्षं भरपूर वापरला, मुलांचे मित्र यायचे, सुट्टीत रोज संध्याकाळी दंगा असायचा. आता दोघंही शिकायला बाहेर आहेत. मी आणि बायको आठवड्यातून तीनदा बसतो. दोघांसाठी १५०० लिटर पाणी राखायचं, फिल्टर धुवायचा, औषध मोजायचं. झाकणही त्या मानाने मोठं आणि जड. जुनं झालं की आतल्या फोममध्ये पाणी मुरतं आणि ते आणखी जड होतं. बायकोला एकटीला उचलत नाही, म्हणून मी घरी नसलो की ती बसतच नाही. याची मला खरंच खंत आहे.

कुटुंब वाढतं तसं ओसरतंही. तुमचा नवरा जे म्हणतोय त्यात तथ्य आहे.

निळीशाई

रानवाट, तुमचा मुद्दा पटतो, पण तुमची मुलं टब घेतानाच दहा आणि तेराची होती. अबोलीचं धाकटं अजून यायचंय. चांगली निगा राखली तर टब १०-१५ वर्षं चालतो. तिच्या घरात तेवढा सगळा काळ माणसं वाढतीच असणार.

झाकणासाठी बाजूला बसवायचा उचलदांडा मिळतो. झाकण मधोमध दुमडायचं आणि दांड्यावर मागे ढकलायचं. माझी आई एकटी उघडते. फक्त टबच्या मागे त्यासाठी फूट-दीड फूट, काही प्रकारांत दोन फूट जागा सोडावी लागते. टबच्या मापात हे धरायला लोक विसरतात.

रानवाट

दांड्याचं बघतो. धन्यवाद.

कोबा_आणि_कंबी

बांधकामातला माणूस आहे, म्हणून वजनावर लिहितो. धाग्यात कोणीतरी "मोठा परवडत नसेल तर लहान टब गच्चीवर ठेवा" म्हणायच्या आत हे इथे असलेलं बरं.

दुसऱ्या टबचा हिशेब: पाणी १६०० किलो, रिकामा टब ३५०-४००, सहा माणसं ४०० किलो. एकूण २४०० किलोच्या आसपास. जागा ५.३ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४५० किलो.

पहिल्याचा: ११०० अधिक ३०० अधिक ३००, एकूण १७०० किलो. जागा ४ चौरस मीटर. चौरस मीटरला ४२५.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, कारण पाण्याची खोली सारखी आहे. टब लहान केला म्हणून चौरस मीटरवरचा भार कमी होत नाही. राहत्या खोलीच्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, बाल्कनीला ३०० च्या आसपास. त्यामुळे "लहानच तर आहे" म्हणून गच्चीवर किंवा बाल्कनीत चढवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब आणि बीम तपासून लेखी दिल्याशिवाय अजिबात नाही.

अबोली, तुमचं जमिनीवर आहे, उत्तम. माती नीट ठोकून घ्या आणि त्यावर जाळी टाकून १० ते १५ सेंमी जाडीचा सलग काँक्रीटचा कोबा करा. फरशा जोडून केलेल्या जमिनीवर टब ठेवू नका. एखादी फरशी बसली की टब कलतो, कवचावर ताण येतो आणि पाणी एका बाजूला चढतं. आता लहान टब घेतला तरी कोबा मोठ्या टबच्या मापाचा करा.

चिमणीचं_घरटं

मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून सविस्तर लिहिते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

टबच्या पाण्याची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस, ती मोठ्यांसाठी. लहान मुलांचं शरीर वजनाच्या मानाने पृष्ठभागाने मोठं असतं आणि त्यांना घामही कमी येतो, त्यामुळे ती फार लवकर तापतात. पाच वर्षांखालच्या मुलांना गरम टबात बसवू नये असंच सांगितलं जातं. म्हणजे तुमच्या मुलाला अजून थोडं थांबायचंय. मुलगी बसेल तेव्हा पाणी ३५-३६ अंशांवर आणा आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर काढा. याचा टबच्या मापाशी सरळ संबंध आहे: १६०० लिटर पाणी ३९ वरून ३५ वर यायला तासन्‌तास लागतात. मुलांचा दिवस आणि मोठ्यांचा दिवस वेगळा ठेवावा लागतो. "आधी मुलं, मग आम्ही" हे एकाच संध्याकाळी मोठ्या टबात जमत नाही, हीटर इतक्या वेगाने पाणी परत वर नेत नाही.

दुसरं, जागेची खोली. बसल्यावर मोठ्या माणसाच्या खांद्यापर्यंत पाणी येईल अशा बेताने या जागा केलेल्या असतात, म्हणजे जागेवर ५० सेंमीच्या पुढे पाणी. चार-पाच वर्षांच्या मुलाची बसल्यावरची पूर्ण उंचीच ५५-६० सेंमी. तोंड पाण्यात जातं. म्हणून एक उंच, उथळ जागा हवीच. मोठी माणसं त्याच जागेवर बसून अंग थंड करून घेतात, त्यामुळे ती फुकट जात नाही.

तिसरं, तळाच्या शोषनळ्या, म्हणजे टबातलं पाणी पंपाकडे ओढणाऱ्या नळ्या. लांब केस मोकळे सोडून कोणीही टबात उतरू नये. २००२ साली अमेरिकेत ग्रॅम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या शोषनळीला अडकून बुडाली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिथे तिच्याच नावाने कायदा झाला. कोणी अडकणार नाही अशी जाळीची झाकणं त्यानंतर तिथे सक्तीची झाली, आणि सार्वजनिक तलाव-टबांना एकच नळी सगळा जोर लावून ओढणार नाही अशी रचनाही. तुम्ही टब बघायला जाल तेव्हा खाली वाकून बघा: प्रत्येक पंपाला किमान दोन शोषजागा आहेत ना, आणि जाळी घट्ट आहे ना.

चौथं, झाकणाला कुलूप. रोज. मोठी माणसं घरात असली तरी.

आणि अबोली, आत्ता तुम्ही स्वतः गरम टबात बसू नका. पहिल्या तीन महिन्यांत तर आईच्या अंगाचं तापमान वाढणं बाळाच्या मज्जासंस्थेच्या घडणीला घातक ठरू शकतं. पुढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

अबोली

चिमणीचं_घरटं, हे वाचून मी मुलीचे केस बांधायचा नियम आजच घरात सांगून टाकला. टब यायचाय अजून, तरीही.

हो, बाळ होईपर्यंत मी काठावरच. नवरा आणि सासूबाई बसतील.

दवबिंदू

एक भाबडी शंका. जकूझी आणि हॉट टब एकच ना?

पाणचक्की

दवबिंदू, बोलताना लोक एकच म्हणतात. जकूझी हे कंपनीचं आणि त्या घराण्याचं नाव. कँडिडो जकूझी यांच्या लहान मुलाला संधिवात होता. त्याला घरच्या बाथटबमध्ये पाण्याचा मसाज मिळावा म्हणून त्यांनी पाण्यात सोडायचा पंप तयार केला, तो १९५६ मध्ये बाजारात आला. अबोलीच्या सासूबाईंच्या गुडघ्यांवरून मला हेच आठवलं, या वस्तूचा उगमच दुखणाऱ्या सांध्यांत आहे. आंघोळीच्या टबातलं पाणी दर वेळी सोडून देतात. हॉट टबात तेच पाणी गाळून, औषध घालून आठवडेच्या आठवडे वापरतात. मोठा फरक हा.

आणि म्हणूनच माप ठरवताना पाण्याची स्वच्छता धरायला हवी. ११०० लिटरमध्ये चार माणसं म्हणजे ५५ हजार लिटरच्या पोहण्याच्या तलावात एका वेळी दोनशे माणसं उतरल्यासारखं आहे. शिवाय पाणी गरम, त्यामुळे घाम, तेल, क्रीम सगळं त्यात. क्लोरीन गरम पाण्यात भराभर संपतं. पाणी कमी तेवढं ते लवकर बिघडतं. सकाळी ठीक असलेलं पाणी चार जण बसून गेल्यावर रात्री गढूळ दिसतं. मोठ्या टबात तुम्हाला थोडी उसंत मिळते.

पाणी कधी बदलायचं याचं एक अंदाजी सूत्र आहे: लिटरला ११ ने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. जे येतील तेवढे दिवस.

रोज चार जण: ११०० लिटरला २५ दिवस, १६०० ला ३६ दिवस.

रोज दोघं: ५० आणि ७३ दिवस.

आता तुमच्या घरचा आकडा घाला. क्लोरीन किमान ३ पीपीएम (म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम), पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान, बसण्याआधी तपासणीची पट्टी बुडवून बघायचं. हे सोडलं तर अंगावर पुरळ येतं, आणि लिजिओनेलासारखे जंतू याच कोमट पाण्यात वाढून जेटच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जातात. सासूबाईंच्या वयाला ते जास्त धोक्याचं. टबात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ, हा एकच नियम पाळला तरी औषध पुष्कळ कमी लागतं.

तारयंत्री

वायरिंगचं काम करतो. सात जणांच्या टबला दोन पंप आणि मोठा हीटर असतो, त्याला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन लागते, बऱ्याचदा ३२ अँपिअरची. साध्या प्लगवर चालणारे टब मिळतात, पण त्यांत जेट चालू असताना हीटर बंद राहतो. लहान टबला ते चालून जातं. मोठा टब प्लगवर घेतला तर थंडीच्या दिवसांत अर्ध्या तासात पाणी निवलेलं जाणवतं. एका घरी मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं, आणि मग सगळं अंगण खणून केबल टाकावी लागली.

३० मिलिअँपिअर किंवा त्याहून संवेदनशील आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग, याला पर्याय नाही. बंद करायचं बटण टबात बसून हात पोचणार नाही पण डोळ्यांना दिसेल अशा जागी.

जेटची संख्या बघून भुलू नका. तोच पंप साठ जेटना वाटला की प्रत्येकातून नुसती गुदगुली. पंपांची ताकद विचारा.

कडुनिंब

आमच्याकडे हवेचा फुगवायचा टब आहे, ९०० लिटर. अबोली, कोबा, केबल यात पडायच्या आधी एक हंगाम असा वापरून बघा असं सुचवेन. आपल्या घरात खरोखर किती जण, किती वेळा बसतात हे कळतं. तोटे आहेतच: बसायच्या जागा नसतात, तळावर बसावं लागतं, पाणी तासाला दीड-दोन अंशांनीच तापतं.

अबोली

कडुनिंब, कल्पना चांगली आहे, पण सासूबाईंना तळावर बसून उठता येणार नाही. त्यांच्यासाठी खुर्चीच्या उंचीची जागा हवीच.

कडुनिंब

बरोबर. मग नको. आत उतरायला पायऱ्या आणि पकडायला दांडा आत्तापासून धरा, ९० सेंमीची कड ओलांडणं दुखऱ्या गुडघ्यांना सोपं नाही. रक्तदाबाची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि पाण्यातून एकदम उठू देऊ नका.

निळीशाई

अबोली, एक कर. दोन्ही टबांची मापं हॉलच्या जमिनीवर चिकटपट्टीने आख आणि सगळे जण आत बसून बघा. आम्ही हे केलं असतं तर बरं झालं असतं.

अबोली

रविवारी केलं! सांगते.

पहिल्यांदा २ मीटरचा चौकोन आखला. गणितींनी सांगितल्याप्रमाणे कडेचे १७-१८ सेंमी आतून वजा केले. मग बसायच्या जागेचे ४५ सेंमी चारही बाजूंनी. मधे पाय ठेवायला काय उरलं तर ७५ सेंमीचा चौकोन. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्याहून लहान. काठाने उशा मांडून आम्ही चौघं आणि सासूबाई बसलो. दहा पावलं त्या चौकोनात. नवऱ्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले, मुलाने पाय सरळ केले तर ते थेट आजीच्या दुखऱ्या गुडघ्यावर आले. तिने "काही नाही रे" म्हटलं, पण पाय आखडून घेतले. ते बघितल्यावर पहिला टब माझ्या मनातून उतरला.

मग २.३ चा आखला. मधला चौकोन १ मीटर ५ सेंमीचा झाला. बाहेरून फक्त ३० सेंमी वाढले आणि पायांची जागा जवळजवळ दुप्पट! नवऱ्याने स्वतःच फूटपट्टी घेऊन पुन्हा मोजलं. बसणाऱ्यांची संख्या सोडा, पाय कुठे जाणार ते बघा, असं तो आता म्हणतोय.

पण २.३ च्या चौकोनात आम्ही दोघंच बसलो तेव्हा रानवाटांचं म्हणणंही जाणवलं. समोरासमोर बसलं की मोठ्याने बोलावं लागतं, आणि मी मागे टेकले तर पाय समोर कशालाच लागत नाहीत.

गणिती

फार छान प्रयोग. पायांच्या जागेचं क्षेत्रफळ ०.५६ वरून १.१ चौरस मीटर. मी पाण्याच्या पृष्ठभागाकडेच बघत राहिलो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

२.३ आणि २ च्या मधलं काही मिळतंय का?

मोरपीस

मिळतं. २.१५ च्या आसपास "६ जणांचे" बरेच असतात. पण कागदावर ठरवू नका, जाऊन कोरड्या टबात बसा. कपड्यांनिशी, सगळ्यांनी, किमान वीस मिनिटं. जमलं तर पाणी भरलेल्या टबात कोणालातरी बसवून बघा, कारण कोरड्यात तरंगणं कळत नाही. अबोली, तुम्ही कोरड्यातच हं.

रानवाट

आणि माणसं बसली की पाणी चढतं तेही बघा. खांद्यापर्यंत बुडालेलं ७० किलोचं माणूस साठ-पासष्ट लिटर पाणी सारतं. सहा जण म्हणजे चारशेच्या आसपास. लहान टबात पाहुणे आले की एक तर पाणी आधी कमी ठेवा, नाहीतर ते कडेवरून जातं आणि सगळे उठल्यावर वरचे जेट उघडे पडून हवा ओढतात.

अबोली

मंडळी, ठरलं. २.१५ बाय २.१५, सहा जागा, लाउंजर नाही, पाणी १३५० लिटर. एक कोपरा खोल, तिथे नवऱ्याचे खांदे पाण्यात जातात. एक जागा इतकी उथळ की मुलगी बसली तर पाणी तिच्या छातीपर्यंतच येईल. सासूबाई तिसऱ्या कोपऱ्यात बसल्या, पाय लांब केले आणि उठायचं नाव घेईनात. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन परत आला तरी त्या तिथेच. मधला चौकोन ९० सेंमीचा. मी वाकून शोषजाळ्या मोजल्या, दोन पंपांना चार आहेत.

पाणचक्कींच्या सूत्राने रोज तिघं बसले तर ४१ दिवसांनी पाणी बदलायचं. ते सोडायला मागच्या बागेकडे उतार आहे, क्लोरीन उतरल्यावरच सोडू.

कोबा मात्र २.३ च्या मापाचाच करतोय, वर मागच्या बाजूला उचलदांड्यासाठी दोन फूट.

तारयंत्री

उत्तम. पंपांच्या बाजूलाही दोन-अडीच फूट सोडा. दुरुस्तीला माणूस वाकून आत शिरायला हवा. भिंतीला चिकटवलेला टब उद्या रिकामा करून सरकवावा लागतो.

कोबा_आणि_कंबी

आणि टब आत येणार कुठून? तो आडवा करून, कडेवर उभा ढकलत आणतात. म्हणजे उंची २.१५ अधिक खालची ढकलगाडी, आणि रुंदी टबची उंची, ९० सेंमी. वाट, फाटक, वळण, वरचे सज्जे, सगळं मोजलंत का?

अबोली

आत्ता टेप घेऊन जाऊन आले. बाजूची वाट १ मीटर ५ सेंमी रुंद, वर सज्जा नाही, वळण एकच आणि तिथे मोकळं आहे. पण मधेच भिंतीवरून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली येतो, तो क्लॅम्पसकट १२ सेंमी पुढे आहे. उरले ९३.

कोबा_आणि_कंबी

३ सेंमीवर विसंबू नका. टब बांधून येतो, पुठ्ठा आणि कोपऱ्यांचे फोम धरून त्याचेच ४-५ सेंमी वाढतात. तो पाइप एका दिवसासाठी उतरवून ठेवा, प्लंबरचं तासाभराचं काम आहे. सगळा नको, जमिनीपासून अडीच मीटरपर्यंतचा तुकडा पुरे.

अबोली

प्लंबरला फोन केला, शनिवारी सकाळी येतोय. टब दुपारी येणार आहे.